अंग उतरले म्हणून दुकानात बिचकायचे कशाला?

भगिनींनो,

आज जरा वेगळ्या विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे. विषय कापडचोपडाचा आहे आणि मनाचाही.

आमच्या वन्सं मोहोळकडच्या एका खेड्यात दिलेल्या आहेत. पन्नाशी ओलांडलेली बाई. अंगाने चांगल्या भरलेल्या. दोन वर्षांमागे गावातल्या आरोग्य शिबिरात त्यांना साखरेचा विकार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजन कमी करायला सांगितले. तेव्हा काट्यावर ८२ किलो भरले होते. वन्संनी हट्टाने काम हाती घेतले. चहातली साखर बंद केली, सणाखेरीज तळण बंद केले, रात्रीची एक भाकरी कमी करून पालेभाजी आणि डाळ वाढवली. पहाटे वस्तीपासून कालव्यापर्यंत चालत जाऊन यायचा नेम धरला. वर्षभरात वजन ७१ किलोवर आले. साखर आटोक्यात आली, गुडघ्यांची कुरकूर कमी झाली. डॉक्टर खूष झाले.

गाव मात्र खूष झाले नाही. पाणवठ्यावर, बाजारात, देवळात जो भेटेल तो एकच विचारी, "काय ओ अक्का, किती वाळलाव! दुखणं हाय का काय?" एक शेजारीण तर त्यांच्या सुनेलाच म्हणाली, "सासूला जेवायला घालतीस का न्हाई?" बिचारी सून रडकुंडीला आली.

अशातच धाकट्या मुलाचे लग्न ठरले. वन्सं वरमाय. चारचौघांत मिरवायचे, आहेर घ्यायचे, फोटो काढून घ्यायचे. आणि अंगावर काय, तर जुने झंपर. खांद्यावरून घसरणारे, बगलेत झोळी झालेले, सेफ्टी पिना लावून आवळलेले. मी म्हटले, "वन्सं, सोलापूरला या, आपण कापडं घेऊ." त्या म्हणाल्या, "नगं वैनी. आणखी आठ-धा किलो उतरू दे, मग घिऊ." लग्न महिन्यावर आलेले!

शेवटी ओढून आणले. एस.टी. स्टँडवरून नवी पेठेत गेलो. एका दुकानात गादीवर बसलो. कापड दाखवणाऱ्या पोराने वन्संकडे वर-खाली पाहिले आणि आत ओरडला, "मोठ्या मापातला काढ रे, फुल साईज!" वर म्हणतो कसा, "मावशी, गडद रंगच घ्या, जरा बारीक दिसाल." वन्संचा चेहरा उतरला. त्या पदर सावरून उठल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "गावात म्हणत्यात वाळली, हितं म्हणत्यात जाडी. इतकं करून बी मी कुठलीच न्हाई. जाऊ द्या वैनी, आता लग्न झालं की पहिल्यासारखंच खाते."

भगिनींनो, हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. वर्षभराची मेहनत एका पोराच्या एका शब्दावर पाण्यात जायची वेळ! आणि हे एकट्या वन्संचे नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. म्हणजे तुमच्या बचत गटात वीस जणी असतील, तर त्यांत चार-पाच जणी अशा निघायच्या. त्यातल्या कितीतरी जणी आज वजन कमी करायच्या खटपटीत आहेत, आणि त्यांना कापडाचे दुकान दिसले की धडकी भरते. म्हणून म्हटले, जे आम्ही त्या दिवशी शिकलो ते तुम्हालाही सांगावे.

"वाळलीस" हा शब्द कुठून आला?

आधी गावाच्या बोलण्याचे पाहू. ज्या लोकांनी दुष्काळ पाहिला, त्यांच्या डोळ्यांना भरलेले अंग म्हणजे भरलेले घर वाटते. आपला सोलापूर जिल्हा तर अवर्षणाचाच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आजही घरोघरी आहेत. त्यांच्या लेखी अंग उतरणे म्हणजे धान्य संपणे, दुखणे येणे, नाही तर सासरी हाल होणे. म्हणून "वाळलीस" म्हणणारी म्हातारी तुमचा अपमान करत नसते, ती काळजीच करत असते. तिला रागाने उत्तर देऊ नका. "आजी, दुखणं न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून उतरवलंय, साखर ताब्यात आलीय" एवढे हसून सांगा. एकदा कारण कळले की निम्मे गाव गप्प बसते. उरलेल्या निम्म्याचे तोंड कोण धरणार? ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वजन तुम्ही उतरवले तर चांगले. ते आपोआप उतरू लागले तर चांगले नाही. खाणेपिणे तेच असून अंग झडत असेल, फार तहान लागत असेल, वरचेवर लघवीला जावे लागत असेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर कापडाच्या दुकानात नव्हे, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. साखर आणि क्षय या दोन्हींची तपासणी करून घ्या.

आणि घाई नको. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झाले. ८० किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाब यांना चांगला फरक पडतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर वजन उतरताना औषधाचे प्रमाण बदलावे लागते. घाम सुटला, हातपाय कापू लागले, चक्कर आली तर लगेच चिमूटभर साखर तोंडात टाकून न थांबता दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. उपास करून वजन उतरवायच्या फंदात पडू नका.

नंबर म्हणजे निकाल नव्हे

आता दुकानातले "फुल साईज" प्रकरण. तयार कपड्यावर ३६, ३८, ४० असा नंबर असतो किंवा इंग्रजी अक्षर असते. हा नंबर बहुधा छातीचा घेर इंचांत सांगतो. पण एक कंपनी अंगाचे माप धरते, दुसरी कपड्याचे. एक आत दोन इंच सैलपणा ठेवते, दुसरी चार. त्यामुळे एकीचा ३८ घट्ट होतो आणि दुसरीचा ३८ ढगळ. बाई तीच असते!

आपल्या देशात तर तयार कपड्यांची मापे बरीच वर्षे विलायती बांध्यावरून बेतलेली होती. आपल्या लोकांचा खांदा, कंबर, उंची वेगळी. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतल्या २५ हजारांहून अधिक माणसांची मापे घेऊन भारतीय मापांचा तक्ता करण्याचे काम हाती घेतले. म्हणजे कपडा अंगाला बसला नाही, तर चूक अंगाची नसते, तक्त्याची असते, हे जाणकारांनीही मान्य केले आहे. मग आपणच का मान खाली घालावी?

आणि सोलापूरकरांनी तर मुळीच घालू नये. १८७७ साली इथे कापडाची पहिली मोठी गिरणी निघाली. ती पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरण्या बंद पडल्या, पण माग थांबले नाहीत. पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या इथे मागावर बसल्या. सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर गेले, त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आज शाळांचे गणवेश शिवण्यातही शहराचे नाव आहे. कापड माणसासाठी असते, माणूस कापडासाठी नसतो, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

आपल्या साडीचेच पाहा ना. सहावारी असो की नऊवारी, तिच्यावर नंबर नसतो. अंग भरले तर निऱ्या कमी पडतात, अंग उतरले तर दोन निऱ्या जास्त पडतात. तीच साडी सासू नेसते, तीच सून नेसते. अंगाच्या चढउतारात बदलावे लागते ते झंपर, परकर आणि हल्लीच्या मुलींचा पंजाबी ड्रेस. म्हणजे खर्च वाटतो तेवढा नाही.

आधी घरची पेटी उघडा

दुकानात जायच्या आधी पेटीतले कपडे काढा आणि तीन ढीग करा. पहिला, अजून नीट बसणारे. दुसरा, टीप मारून बसतील असे. तिसरा, फारच ढगळ झालेले.

दुसऱ्या ढिगातले झंपर शिंप्याकडे न्या. बाजूच्या शिवणीतून आणि बाहीतून दोन-अडीच इंचांपर्यंत घेर आत घेता येतो. त्याहून जास्त घेतला तर मुंढा बिघडतो, टक्स जागेवर राहत नाहीत. खांदा आणि गळा उतरत असेल, तर सगळे उसवून पुन्हा बेतावे लागते. जुन्या झंपराला एवढा खर्च परवडत नाही. आणि शिंप्याला बजावून सांगा, "आत घेतलेलं कापड कापू नका, माया तशीच राहू द्या." पुढे दोन-चार किलो परत चढले तर टीप उसवून काम भागते. वजन थोडे चढते-उतरते, त्यात लाज कसली? शेताला तरी दर साल सारखा पाऊस कुठे पडतो?

तिसऱ्या ढिगाचे काय? एक झंपर आठवण म्हणून ठेवा. मन खट्टू होईल त्या दिवशी घालून पाहा, किती वाट चाललात ते कळेल. बाकीचे देऊन टाका, नाही तर गोधडीला लावा. "परत लागतील" म्हणून सगळे जपून ठेवाल, तर मन परतीच्याच वाटेकडे पाहत राहते.

उलट चूकही करू नका. "आणखी उतरणारच आहे" म्हणून लहान मापाचा महागडा ड्रेस घेऊन ठेवू नका. तो पेटीत पडून रोज टोचतो. आणि "पुरते उतरल्यावरच घेईन" असेही नको. आजचे अंग आजच झाकायचे असते. वजन उतरायला वर्ष-दीड वर्ष लागते. तेवढे दिवस पिना लावून वावरायचे काय? त्या काळापुरते दोन-तीन झंपर आजच्या मापाचे घ्या, साध्या सुती कापडाचे. भारी कापड मात्र वजन तीन-चार महिने एका जागी टिकल्यावरच शिवायला टाका.

परकराच्या नाडीबद्दल

अंग उतरले की साडी सुटेल या भीतीने बायका नाडी करकचून आवळतात. हे करू नका. वर्षानुवर्षे एकाच जागी नाडी किंवा लुगड्याची गाठ घासून कातडी काळी पडते, खरचटते, कधी जखम होते. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. अशी न भरणारी जखम होऊन तिथे कर्करोग झाला होता. असे फार क्वचित होते, घाबरायचे कारण नाही. पण नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठीची जागा वरचेवर बदला, घरी असताना सैल बांधा. कमरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. परकर सैल झाला असेल तर त्याचा घेर कमी करून घ्या, कमरेला फास लावू नका.

माप आपले आपण घ्यावे

शिवणाची टेप घरात असू द्या. सकाळी, काही खाण्याआधी, छाती, बेंबीजवळ कंबर आणि नितंब अशी तीन मापे घ्या. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुरे. काटा हलला नाही तरी कधी कधी टेप इंचभर कमी दाखवते, तेव्हा धीर येतो. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत आणि पुरुषांची ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा घरधन्यांच्या कमरेलाही टेप लावून बघा! पट्ट्याला नवे भोक पाडण्याची वेळ त्यांच्यावरही आली तर वाईट नाही.

दुकानाची पायरी चढताना

आता त्या दिवसाकडे वळते. आम्ही कोपऱ्यावर बिनसाखरेचा चहा घेतला. मी वन्संची टेप काढून मापे कागदावर लिहिली आणि विचारले, "वन्सं, आपल्याला काय हवंय ते तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "हिरवी इरकल, लाल टोप पदराची. आणि हात वर केला की वर न सरकणारा झंपर." बस! दुसऱ्या दुकानात शिरताच वन्संनी स्वतः सांगितले, "३८ छाती, बाही कोपरापर्यंत. अमुक किमतीच्या आतलं दाखवा." दुकानदाराने वर-खाली पाहिले नाही. त्याला पाहायचे कारणच उरले नव्हते.

यावरून काही गोष्टी सांगते, चिठ्ठीवर उतरवून ठेवा.

दिवाळी, गड्ड्याची जत्रा आणि लगीनसराई यांच्या गर्दीत जाणे टाळता आले तर टाळा. सकाळी दुकान उघडल्यावर जा. तेव्हा माणसे निवांत असतात. पोटात काही घालून जा. भुकेल्या पोटी अंगही थकते आणि मनही.

सोबत एकच बाई न्या, तीही कमी बोलणारी. चार जणी नेल्या तर चार मते होतात आणि आपले मत राहून जाते.

माप आणि पैसे, दोन्ही आधी ठरवून जा. "मला काय शोभेल?" असे विचारू नका. "मला हे हवे आहे" असे सांगा. जो प्रश्न आपण विचारतो, त्याचे नको ते उत्तरही ऐकावे लागते.

"माझं अंग जरा जास्तच आहे" असे स्वतःहून म्हणू नका. आपण गिऱ्हाईक आहोत, गुन्हेगार नाही. कुणी वेडेवाकडे बोलले तर शांतपणे म्हणा, "रंगाचं मी बघते, तुम्ही माप दाखवा." तरीही नाही ऐकले तर उठा. दुसरे दुकान शेजारीच असते.

घालून बघायची सोय असेल तर आरशासमोर नुसते उभे राहू नका. फडताळावर डबा ठेवल्यासारखा हात वर करा, वाका, मांडी घालून बसा. आपल्याला त्या कपड्यात भाकऱ्या थापायच्या आहेत, लेकरू उचलायचे आहे. जो कपडा हे करू देतो तोच आपला. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून झंपर शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या.

आणि शेवटचे, फार महत्त्वाचे. गादीवर तीस साड्यांचा ढीग पडला की आपल्याला ओशाळे वाटते. "एवढं काढायला लावलं, आता न घेता कसं उठायचं?" मग नको असलेले कापड घेऊन येतो आणि वर्षभर हळहळतो. भगिनींनो, घड्या मोडणे आणि पुन्हा घालणे हे त्यांचे रोजचे काम आहे. "नाही आवडलं, तसदी दिली" म्हणून उठायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बैल घेताना आपण दात मोजतो, चार बाजार फिरतो, तेव्हा लाजतो का?

वन्संनी हिरवी इरकल घेतली, दोन झंपर घेतले, एक आतल्या बाजूला दोन इंच माया ठेवून शिवायला टाकला. लग्नात मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहत होते. मांडवात एक पाहुणी म्हणालीच, "काय ओ विहीणबाई, लईच वाळलाव!" वन्सं पदर सारखा करत म्हणाल्या, "वाळली न्हाई बाई, हलकी झाली. पोराच्या लग्नात पाय न दुखता उभी हाय बगा सकाळपासनं." पाहुणी म्हणाली, "काय करताव ओ? मला बी साखर हाय." आणि दोघी मांडवाच्या खांबाला टेकून पहाटेच्या चालण्याचे बोलत बसल्या.

परवा वन्संचा फोन आला होता. वजन ७० वर आहे. ती पाहुणीही चालायला लागली आहे म्हणे.

तुमच्या पेटीतही पिना लावलेले झंपर असतील. या रविवारी ती पेटी उघडा आणि तीन ढीग करायला बसा. काय निघाले, काय टाकले, काय नवे शिवले, ते मला जरूर कळवा.

तुमची,
वहिनी